सातव्या महिन्यातली

“नर्सबाई, त्या बाई आजपण आल्यात,” संग्रहालयात मदतीला येणारी सिंधु हळूच म्हणाली. “आतल्या खोलीत बसल्यात. ह्या हप्त्यात तिसऱ्यांदा.”

“कोणत्या बाई?”

“बुरखावाल्या. दुसरं काहीच बघत नाहीत. सरळ आत जातात आणि टेप लावून मागतात. नऊ नंबरची.”

पंचफुलाबाई माठात पाणी ओतत होत्या. त्यांचा हात थांबला. शुक्रवार त्यांच्या पाळीचा दिवस, आणि माठ भरणं हे पाळीचं पहिलं काम. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लातुरात टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि संग्रहालयात येणारी निम्मी माणसं आधी माठाकडे वळायची, मग भिंतींकडे.

त्यांनी घागर खाली ठेवली आणि आतल्या खोलीचा पडदा दोन बोटं सारला. ती बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. कानाला हेडफोन, एक हात टेपरेकॉर्डरवर. टेप थोडी मागे घ्यायची, ऐकायची, पुन्हा मागे घ्यायची. चेहरा दिसत नव्हता. पण तिचा उजवा पाय सारखा खालीवर होत होता, शिलाई मशीनच्या पायट्यावर असल्यासारखा.

अख्तरी.

पंचफुलाबाईंनी पडदा सोडला.

“वेळ लई झाला, उठवू का त्यांना?” सिंधुनं विचारलं.

“नको. ऐकू दे.”

त्या मागच्या व्हरांड्यात गेल्या आणि जुन्या दप्तराच्या लोखंडी कपाटामागे जाऊन बसल्या. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. रक्ताच्या थारोळ्यातल्या बाईला टाकून त्या कधी पळाल्या नव्हत्या. आता एकोणसाठाव्या वर्षी कपाटामागे लपल्या होत्या. दाराशी चपला वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या, तेव्हा त्या बाहेर आल्या.

“गेल्या,” सिंधु म्हणाली. “जाताना पाटी वाचली त्यांनी. मला विचारलं, ह्या पंचफुला सोनकांबळे म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या का. मी हो म्हणाले.”

पाटी टेपरेकॉर्डरच्या वर, भिंतीवर होती. काळ्या शाईत, वळणदार अक्षरात: ‘टेप क्र. ९. एक स्त्री, उदगीर परिसर, १९४८. ध्वनिमुद्रण : श्रीमती पंचफुला सोनकांबळे, परिचारिका.’ जिचं दुःख होतं तिचं नाव गाळलं होतं. जिनं ते टिपलं तिचं ठेवलं होतं.

*

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा तहसिलीचं दप्तर नव्या इमारतीत गेलं आणि जुन्या कचेरीच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या शरणम्मा बिरादार यांनी कलेक्टर कचेरीत दोन वर्षं खेटे घालून त्या मिळवल्या. निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या बायका आणि पुढे हक्कांसाठी भांडलेल्या बायका, अशा दोघींचं मिळून संग्रहालय करायचं, असं त्यांच्या मनात होतं. भाकरीच्या टोपलीतून काडतुसं नेणाऱ्या बाईची टोपली आणली. तुरुंगातलं लुगडं आणलं. हुंड्याविरुद्धच्या मोर्चाची पोस्टरं लावली. कामाला बायका लागणार होत्या, पगार नव्हता.

पंचफुलाबाई तेव्हाच निवृत्त झाल्या होत्या. नवरा भीमा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो जाऊन सात वर्षं झालेली. मुलगा नांदेडला बँकेत. नांदेडला शिकून इस्लापूर, अहमदपूर, उदगीर आणि शेवटी लातूर अशा बदल्या झेललेल्या बाईला रिकामी दुपार सोसेना. त्या आपणहून बिरादारबाईंकडे गेल्या.

तिथल्या इतर बायका प्राध्यापक, वकील, डॉक्टरांच्या घरच्या. वागायला चांगल्या होत्या. पण बैठक लांबली की कुणीतरी म्हणायचंच, “नर्सबाई, चहाचं जरा बघता का?” मग बिरादारबाईंनी त्यांच्या हाती टेपरेकॉर्डर दिला. म्हाताऱ्या बायका नर्सबाईंशी बोलतात, तर त्यांच्या आठवणी भरून आणा. पंचफुलाबाईंनी आठ टेपा भरल्या. कुणी गाणी म्हटली, कुणी रात्री पन्नास माणसांच्या भाकरी थापल्या ते सांगितलं.

बिरादारबाईंनी त्या ऐकल्या आणि म्हणाल्या, “छान आहे. पण खरं दुखणं कुणी बोलत नाही हो.”

पंचफुलाबाईंना ते परीक्षेत नापास झाल्यासारखं लागलं.

बेगमबी त्यांची उदगीरपासूनची मैत्रीण. अख्तरी ही तिची एकुलती एक लेक. अख्तरीची तिन्ही बाळंतपणं उदगीरला माहेरी झाली आणि तिन्ही पंचफुलाबाईंनी केली. अंगानं बारीक होती ती. प्रत्येक खेपेला सातवा महिना लागला की दवाखान्यात येऊन बसायची. “नर्सबाई, मी सातव्या महिन्यातलीच. माझंबी लेकरू तसंच होतंय का बघा.” बेगमबीचा नवरा जिलानी वारल्यावर ती लातूरला लेकीकडे, जावई खाजाच्या घरी राहायला आली. साखरेच्या दुखण्यानं तिची नजर जवळपास गेली होती आणि पायाची जखम भरत नव्हती. दर रविवारी पंचफुलाबाई तिच्या जखमेला पट्टी करायच्या.

गेल्या मे महिन्यात एकदा बेगमबीच रिक्षानं त्यांच्या खोलीवर आली होती. टेबलावर टेपरेकॉर्डर होता.

“माझंबी भर की त्यात,” ती म्हणाली.

आणि हसत हसत सांगू लागली. भाद्रपदात निजामावर हिंदुस्थानची फौज चालून आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. गावातले मुसलमान गडी कुणी पळाले, कुणी मारले गेले. कोंडाबाई नावाच्या म्हातारीनं बेगमबीला कपाळाला कुंकू लावून, नऊवारी नेसवून चाळीस दिवस घरात ठेवलं. माझी भाची सरू, असं गावाला सांगितलं. कुणी सरू म्हणून हाक मारली की ही ओ द्यायचीच विसरायची. घामानं कुंकू ओघळायचं आणि कोंडाबाई पदरानं पुसून पुन्हा लावायची.

“ते बंद कर गे पंचफुला,” मग ती म्हणाली. “म्होरलं फकत तुला सांगते. तू समद्यांच्या पोटातलं भाईर काढलंस, पर कुणाच्या पोटातलं भाईर बोलली न्हाईस.”

पंचफुलाबाईंचं बोट बटणावर गेलं. आतली चाकं सावकाश फिरत होती. त्यांनी माइक उचलला आणि आवाज होईल असा टेबलावर आडवा ठेवला. बटण दाबलं नाही.

बेगमबीला वाटलं, झालं बंद.

कोंडाबाईच्या घरी पोचायच्या आधी दोन दिवस ती ज्वारीच्या रानात लपली होती. तिथं तिला तिघांनी गाठलं. त्यातल्या एकाचा आवाज ओळखीचा होता. नाव तिनं घेतलं नाही. नवरा तर चैत्रापासून हैदराबादला गिरणीत. तो परतला दिवाळी सरल्यावर.

“मिरगात पोरगी झाली. चांगली दांडगी, डोईवर केस. त्यानं उचलून घेतली, कानात अजान दिली. आन् मी काय बोलायच्या आदीच भाईर जाऊन समद्या गल्लीला सांगून आला, सातव्या म्हयन्यातच झाली, पर अल्लाची मेहेर, जगली. मरेपतुर त्यानं एकदाबी इचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. रोज रातच्याला पोरीला खांद्यावर घिऊन फिरायचा.”

टेप संपली आणि बटण आपोआप वर आलं. खट्.

“काय वाजलं गे?”

“काही नाही. भांडं सरकलं.”

हे पंचफुलाबाई स्वतःच्या तोंडानं बोलल्या होत्या. पुढे कितीदा तरी त्यांना बाकी सगळ्याआधी हेच आठवायचं.

ती टेप बिरादारबाईंनी ऐकली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “ह्यासाठीच तर आपण हे करतोय, पंचफुलाताई,” त्या म्हणाल्या. नर्सबाईची पंचफुलाताई पहिल्यांदा झाली. “शेवटचं जरा वाजवायला नको,” असं पंचफुलाबाई म्हणाल्या खऱ्या, पण इतक्या हळू, की ऐकू न गेलं तरी चालेल. दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. सतरा सप्टेंबरला उद्घाटन झालं. कलेक्टरांना टँकरच्या बैठकीला जायचं होतं, तरी नऊ नंबरची टेप त्यांनी उभ्यानं ऐकली आणि पंचफुलाबाईंना नमस्कार केला. त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणीतरी केला.

त्यानंतर दर रविवारी त्या बेगमबीच्या पायाला पट्टी करत राहिल्या. नाव तर कुठे नाही, असं मनाला सांगत राहिल्या. आणि तिच्या गल्लीतलं कोण कशाला येतंय संग्रहालयात, असंही.

*

त्याच शुक्रवारी चार वाजता बिरादारबाई आल्या. पंचफुलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. माइक आडवा ठेवल्याचंसुद्धा.

“हे तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं,” बिरादारबाई म्हणाल्या.

“हो.”

“मी तेव्हा वाजवली असती की नाही, मला आज सांगता येणार नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण एक ऐका. ती टेप ऐकून दोन बायका माझ्या घरी आल्या. एक अहमदपूरची, एक इथलीच. चाळीस वर्षांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आपण लपवत राहिलो तर लाज त्या बायकांच्याच पदरात राहते. ज्यांनी केलं ते मोकळे.”

“तुमचं खरं आहे, बाई.”

“मग?”

“पण लाज टाकायची का ठेवायची हे तिनं ठरवायचं होतं. तिनं ठरवलं होतं. मी मोडलं.”

“समितीपुढे ठेवू या. पुढच्या महिन्यात बैठक आहे.”

बिरादारबाई पाच वाजता गेल्या. सिंधु खिडक्या लावत होती. पंचफुलाबाईंनी टेप काढून पिशवीत टाकली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘टेप क्र. ९ मी नेली आहे. परत देणार नाही. पंचफुला सोनकांबळे.’ दुसरी प्रत काढायची राहून गेली होती हे त्यांना ठाऊक होतं. भिंतीवरची पाटीही त्यांनी काढली. किल्ली सिंधुच्या हातात दिली.

“सोमवारी तुम्ही उघडा. मी येणार नाही आता.”

“का म्हून, नर्सबाई?”

“मला येत नाही हे काम.”

*

दुसऱ्या दिवशी टँकरची पाळी अख्तरीच्या गल्लीत होती. पंचफुलाबाई पोचल्या तेव्हा घागरींची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. अख्तरी मधे कुठेतरी उभी होती, चार घागरी आणि एक डबा घेऊन. तिनं पंचफुलाबाईंना पाहिलं आणि नजर टँकरकडे वळवली. पंचफुलाबाई जाऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. मागे पुढे बायका होत्या. काय बोलायचं ते हळू बोलावं लागणार होतं.

“टेप काढली मी तिथून. आणलीय.”

अख्तरीनं पायानं एक घागर पुढे सरकवली. पंचफुलाबाईंनी दुसरी उचलून पुढे ठेवली.

“कुणी सांगितलं तुला?”

“माझ्या नसीमची शाळा आली व्हती तिथं. घरी यून म्हणली, आम्मे, तिथल्या मशीनीत एक बाई नानीवानी बोलून राहिली. पोरींची रांग व्हती म्हून तिनं थोडंच ऐकलं. ते सरूचं.” अख्तरीचा आवाज अगदी सपाट होता. “म्हून मी गेले. म्हणलं बघावं कोण हाय नानीवानी.”

“अख्तरी, मी...”

“खाजाला ठावं न्हाई. नसीमला न्हाई. कुणालाच न्हाई.”

रांग पुढे सरकली. दोघींनी घागरी पुढे नेल्या.

“सातवा म्हयना लागला की मी तुमच्याकडं यून बसायची,” अख्तरी म्हणाली. “तीन खेपा. रडायची. अम्मा शेजारी बसून असायची. गपचिप. मला वाटायचं हिला माझी काळजीच न्हाई.” तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. “तुमाला सांगितलं तिनं. मला न्हाई सांगितलं.”

“मला सांगताना तिनं मशीन बंद करायला सांगितलं होतं. मी केलं नाही.”

“ते मी ऐकलं. ‘बंद कर गे’ म्हणल्याली. तेबी हाय की त्याच्यात.”

पंचफुलाबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. जितक्यांनी ती टेप ऐकली, त्या सगळ्यांनी तेही ऐकलं होतं. बिरादारबाईंनी, कलेक्टरांनी, शाळेच्या पोरींनी. कुणीच काही विचारलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून टेप काढली. अख्तरीनं ती ओढणीखाली घेतली.

“मोडून टाक,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“अम्माचा आवाज हाय त्यात. कशी मोडू?”

टँकरवाल्यानं नळी सोडली आणि पुढे गलका झाला. अख्तरी वाकून घागरीत फडका घालून आतून पुसू लागली. वाकलेलीच बोलली.

“मी सातव्या म्हयन्यातली हाय. अब्बानं सांगितलं तशी. दुसरं काय न्हाई.”

“हो.”

“अम्माला कळू द्यायचं न्हाई.”

“मला तिची माफी मागायचीय, अख्तरी. तिच्या पायावर डोकं ठेवून...”

“न्हाई मागायची.” आता ती सरळ उभी राहिली. “माफी मागून तुमी मोकळ्या व्हाल. तिचं काय? तिला वाटून राहिलं, आपुन एकीला सांगितलं आन् ते तिथंच राहिलं. ते तसंच राहू द्या. ऐतवारी येता तशा येत जावा. न्हाई आल्या तर इचारंल ती.”

तिचा नंबर आला. घागरी भरल्या. पंचफुलाबाईंनी एक उचलायला हात पुढे केला, तेव्हा अख्तरी म्हणाली, “राहू द्या. नसीम येतीय.”

*

म्हणून त्या रविवारी त्या गेल्या. मार्च गेला, एप्रिल गेला, एकही रविवार चुकला नाही. पंचफुलाबाई दारात आल्या की अख्तरी मशीनवरून मान वर न करता म्हणायची, “या, बसा.” शाळेच्या गणवेशांचा निळा ढीग तिच्याभोवती असायचा. त्या बेगमबीचा पाय मांडीवर घ्यायच्या, जुनी पट्टी सोडायच्या. जखम आता हाडापर्यंत गेली होती.

“तू आलीस की बरं वाटतंय,” बेगमबी एकदा म्हणाली. “लोक म्हणतेत मन कुणापाशी खोलू नये. मी म्हणते, खोलावं. मानूस बघून खोलावं. मी लई हलकी झाले गे.”

खोलीत शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

“त्या तुझ्या मशीनीत माझं सरूचं हाय न्हवं? ते राहू दे. कोंडाबाईचं नाव राहायला पायजे. लई मोठी बाई.”

पंचफुलाबाईंच्या हातात कापूस होता. कोंडाबाईचं नाव आता कुठेच नव्हतं. तेही त्यांनी पिशवीत घालून आणलं होतं. “आहे,” त्या म्हणाल्या. “कोंडाबाईचं आहे.”

मशीन पुन्हा सुरू झालं.

त्या रात्री घरी बसून पंचफुलाबाईंनी वहीत कोंडाबाईची हकिकत लिहून काढली. कुंकू, नऊवारी, चाळीस दिवस, एवढंच. त्यापुढची ओळ लिहिली नाही. खाली स्वतःचं नावही घातलं नाही. तो कागद त्यांनी पोस्टानं बिरादारबाईंना पाठवला. आठवड्यानं कार्ड आलं: ‘कोंडाबाईंचा मजकूर पहिल्या खोलीत लावला आहे. तुमची शुक्रवारची पाळी कुणाला दिलेली नाही.’ पंचफुलाबाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं. गेल्या मात्र नाहीत.

मे महिन्यात, रोज्यांच्या दिवसांत, बेगमबी गेली. सकाळी आठच्या सुमारास नसीम सांगायला आली. “नानी गेली,” एवढंच म्हणून ती उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, “टँकर पाच दिवस आला नाही. नानीच्या नहाणाला पाणी नाही घरात. आम्मे गल्लीत मागून राहिली.”

पंचफुलाबाईंच्या घरी दोन घागरी होत्या, चार दिवसांच्या. त्यांनी एक डोक्यावर घेतली, एक कमरेवर. नसीम एक द्या म्हणाली, पण त्यांनी दिली नाही. दोनदा थांबून त्या गल्लीत पोचल्या. दाराशी बायका जमल्या होत्या, रोज्यानं ओठ सुकलेल्या. आतल्या कोपऱ्यात दोरीवर चादर बांधली होती. चुलीवर पातेलं होतं आणि त्यात तळाशी थोडं पाणी होतं.

अख्तरी पुढे आली. तिनं आधी डोक्यावरची घागर उतरवून घेतली, मग कमरेवरची. घागरींकडे पाहिलं आणि पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्यांचा पदर खांद्यापासून खालपर्यंत भिजला होता.

“लई झालं हे,” ती म्हणाली. आणि घागरी घेऊन चादरीपलीकडे गेली.

पंचफुलाबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या. चादर त्यांच्यापासून तीन पावलांवर होती. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला. कुणीतरी पुटपुटत काही म्हणत होतं. मग बाकीचे आवाज खाली गेले आणि अख्तरीचा एकटीचा आवाज आला, हळू, आईशी बोलावं तसा. “अम्मा,” ती म्हणाली. थांबली. “अम्मा, मी...”

पंचफुलाबाई उठल्या. दाराशी चपलांचा ढीग होता. त्यांनी आपल्या चपला शोधल्या नाहीत. तापलेली गल्ली त्या अनवाणीच ओलांडून गेल्या. समोर खाजाचं सायकलचं दुकान बंद होतं आणि कट्ट्यावर गडीमाणसं बसली होती. खाजानं सरकून जागा करून दिली. त्या टोकाला बसल्या. तिथून घराचं दार दिसत होतं, पण आतलं काही ऐकू येत नव्हतं.